पाच खांबांची फेरी : वेकबोर्ड शिकण्याच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ मे २०२४

म्युनिकच्या आसपासची जमीन खडीची आणि रेतीची आहे. बांधकामासाठी ती वर्षानुवर्षे उपसली गेल्यामुळे शहराभोवती खाणींचे अनेक तलाव तयार झाले असून, त्यांत जमिनीतलेच पाणी वर येत असल्याने ते स्वच्छ आणि चांगलेच थंड असते. अशाच एका तलावावर केबलच्या साहाय्याने वॉटर स्की आणि वेकबोर्ड (दोन्ही पाय बांधून, आडवे उभे राहून पाण्यावर घसरण्याची फळी) चालवण्याचे केंद्र आहे. गेली दोन वर्षे मी कामावरून घरी जाताना कुंपणाबाहेर सायकल थांबवून ते पाहत आलो. यंदा आत जाऊन शिकायचे ठरवले आहे, आणि उद्दिष्ट एकच ठेवले आहे : ऑगस्ट संपण्यापूर्वी पाच खांबांची पूर्ण फेरी एकदाही न पडता करायची.

या तलावावर दोन यंत्रणा आहेत. मोठ्या यंत्रणेत पाण्याभोवती पाच उंच खांब असून त्यांच्यावरून दहाएक मीटर उंचीवर एक अखंड केबल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत राहते. फलाटावरून एकामागून एक स्वारांचे दोर तिला जोडले जातात आणि एकाच वेळी अनेक जण तलावाला फेऱ्या घालतात. तिचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. दुसरी यंत्रणा दोनच खांबांची आहे. तिच्यावर एका वेळी एकच स्वार असतो, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो, आणि वेग पूर्णपणे चालकाच्या हातात असल्यामुळे नवशिक्याला तिथूनच सुरुवात करू देतात. होडीऐवजी केबलने ओढण्याची ही कल्पना ब्रुनो रिक्सन या जर्मन अभियंत्याची. त्यामुळे हा खेळ शिकायला जर्मनीइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. ‘वेक’ म्हणजे होडीच्या मागे उठणारी लाट, आणि त्या लाटेवरून उड्या मारण्यावरूनच या खेळाला नाव मिळाले. केबलवर होडी नाही, म्हणून ती लाटही नाही. समोर सपाट पाणी असते आणि वरून दोर ओढत असतो. त्यामुळे होडीमागे शिकणाऱ्यांसाठी दिलेल्या सूचना मला तपासून घ्याव्या लागणार आहेत.

माझी स्थिती अशी : वय ४१, वजन ७४ किलो, पोहता उत्तम येते. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेले पोहणे आहे, त्यामुळे पाण्याची भीती नाही. कोणता पाय पुढे ठेवायचा हे पाहण्यासाठी घरातल्या गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून दहा वेळा धावत जाऊन घसरलो. नऊ वेळा डावा पाय पुढे आला. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’ म्हणतात. मी रेग्युलर आहे.

शनिवार, ११ मे २०२४

दोन खांबांच्या यंत्रणेवर पहिली वेळ. सहा प्रयत्न केले आणि सहाही वेळा उभा राहू शकलो नाही.

साहित्य भाड्याचे होते : १३९ सेंटिमीटरचा बोर्ड, बोटांकडे उघडी असलेली बाइंडिंग (म्हणजे बोर्डवर घट्ट बसवलेले बूट), हेल्मेट, जाड जाकीट आणि वेटसूट (थंड पाण्यासाठी अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख). फलकावर पाण्याचे तापमान १६ अंश लिहिलेले होते. वेटसूटमध्ये पहिल्यांदा मानेकडून पाणी शिरते तेव्हा श्वास अडकतो. दोन मिनिटांनी ते पाणी अंगाच्या उबेने कोमट होते आणि मग त्रास होत नाही.

प्रशिक्षिकेने पाण्यात उतरण्याआधी काठावर बसवून कृती समजावली. गुडघे छातीशी घ्यायचे, टाचा नितंबांजवळ आणायच्या, बोर्ड आपल्यासमोर दोराला आडवा ठेवायचा, हात सरळ ठेवून हँडल गुडघ्यांच्या पुढे धरायचे आणि दोर ओढू लागला की उठण्याची घाई करायची नाही. दोराचा ओढा शरीराला आपोआप बोर्डच्या वर आणतो. त्यानंतर बोर्डचे टोक दोराच्या दिशेने फिरू द्यायचे आणि मगच उभे राहायचे. ऐकताना यातले काहीच अवघड वाटले नाही.

पाण्यात प्रत्येक वेळी तेच झाले. दोर ताणला, बोर्डच्या तळावर पाण्याचा दाब आला, आणि त्या क्षणी मी हात कोपरात वाकवून हँडल छातीकडे खेचले आणि उठायला लागलो. वजन पुढच्या पायावर गेले, बोर्डचे नाक पाण्याखाली घुसले, आणि हँडल हातातून हिसकले गेले. चौथ्या वेळी मी ते सोडलेच नाही, तेव्हा दोन-तीन मीटर तोंडाने पाणी कापत गेलो आणि नाकात इतके पाणी गेले की काठावर येऊन बराच वेळ बसून राहावे लागले. पडताना हँडल लगेच सोडायचे, दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही आणि हँडलच्या त्रिकोणातून हात आत घालायचा नाही, हे नियम मी आज लिहून घेतले आणि ते पाळणार आहे.

प्रशिक्षिका फलाटावरून सतत एकच शब्द ओरडत होती : “वार्टन! वार्टन!” म्हणजे थांबा.

रविवार, १२ मे २०२४

दोन्ही पंजे सुजल्यासारखे झाले आहेत. चहाचा कप उचलताना पंजापासून कोपरापर्यंतचे स्नायू दुखतात. बोटांच्या मुळाशी तीन फोड आले आहेत.

काल मित्राने मोबाइलवर घेतलेले चित्रण आज हळू गतीने अनेक वेळा पाहिले. माझी समजूत अशी होती की, दोर मला पुरेशा जोराने ओढत नाही म्हणून मी वर येत नाही. चित्रणात नेमके उलट दिसते. दोर ताणलेला असतो, मी वर येऊ लागलेला असतो, आणि त्याच वेळी मी हात आखडून घेतो. हात आखडल्याने मी हँडलच्या दिशेने जितका पुढे जातो तितका दोर क्षणभर सैल पडतो. पुढच्याच क्षणी केबल पुढे निघून गेलेली असते आणि तो सैल दोर एका हिसक्यात ताणला जातो. तो हिसका केबलचा नसून मी स्वतःच निर्माण केलेला आहे.

संध्याकाळी गावी फोन केला तेव्हा हे सगळे अण्णांना सांगितले. अण्णांनी लहानपणी आजोबांबरोबर मोट हाकली आहे. त्यांना वेकबोर्ड काय असतो हे समजावायला वेळ लागला, पण दोराचे म्हणाल तर मी वाक्य पूर्ण करण्याआधीच ते म्हणाले, “अरे, तू ओढतोस कशाला? ओढायचं काम बैलांचं. नाडा ताठ ऱ्हायला पायजे, एवढंच बघायचं. ढिला पडला की बैलं पुढं झेपावत्यात आन् असा हिसका बसतोय की चाक निखळायचं.”

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

सोमवार, २० मे २०२४

आज इथे सणाची सुट्टी होती. सकाळी नऊलाच पोहोचलो. तिसऱ्या प्रयत्नात उभा राहिलो.

या वेळी मी पाण्यात बसून मनात फक्त ‘नाडा ताठ’ एवढेच म्हणत राहिलो. हात सरळ ठेवले, हनुवटी वर ठेवली, नजर बोर्डवर न ठेवता समोरच्या खांबावर ठेवली. दोर ताणला, बोर्डच्या तळावर दाब आला, तो वाढत गेला, आणि इथेच गेल्या वेळी मी उठत होतो. आज उठलो नाही. मग एका क्षणी पायाखालचा दाब अचानक कमी झाला. आधी बोर्ड पाणी ढकलत होता, आता तो पाण्याच्या पृष्ठभागावर चढून घसरू लागला होता. आवाजसुद्धा बदलला : आधीचा खळखळाट थांबून तळाखाली बारीक, एकसारखी चरचर सुरू झाली. पाय आपोआप सरळ होऊ लागले. जेवढा वेळ बोर्ड पाणी ढकलत असतो तेवढा वेळच खरा विरोध असतो, आणि तो संपेपर्यंत थांबणे हीच या सुरुवातीची संपूर्ण कृती आहे. पन्नासेक मीटर गेलो आणि वळता न आल्याने टोकाजवळ पाण्यात बसलो.

काठावर विश्रांती घेताना बोर्ड मांडीवर घेऊन पाहत होतो. या खेळाच्या आरंभी, १९८५ साली सॅन डिएगोच्या टोनी फिनने ‘स्कर्फर’ नावाचा बोर्ड आणला. तो लहान सर्फबोर्डसारखा होता आणि पाण्यावर इतका तरंगत असे की, तो पाण्याखाली दाबून सुरुवात करणे सामान्य माणसाला जमत नसे. १९९० साली हर्ब ओब्रायन यांनी साच्यात दाबून बनवलेला ‘हायपरलाइट’ बोर्ड आणला. तो पाण्यात ना जोराने वर उसळत असे, ना बुडत असे. नवशिक्याला तो हवा तसा पाण्याखाली धरता येऊ लागला आणि खेळ झपाट्याने पसरला. आज माझा बोर्ड माझ्या समोर शांतपणे पाण्यात आडवा राहत होता, तेव्हा त्या बदलाचे महत्त्व मला हातांनी कळले.

आठ प्रयत्नांपैकी पाच यशस्वी.

शनिवार, १ जून २०२४

दक्षिण जर्मनीत संततधार पाऊस सुरू आहे आणि नद्यांना पूर येत आहेत. सराव रद्द. घरी दाराच्या मुठीला दोरी बांधून तिला काठीचे हँडल लावले आणि गुडघे वाकवून, हात सरळ ठेवून, हँडल पुढच्या कमरेच्या उंचीला धरून उभे राहण्याचा सराव केला. हँडल छातीपर्यंत वर आले की शरीर पुढे झुकते आणि खाली कमरेशी राहिले की टाचांवर स्थिर राहते. जमिनीवरसुद्धा हा फरक स्पष्ट जाणवतो.

शनिवार, १५ जून २०२४

दोन खांबांच्या यंत्रणेवर आज दोन्ही टोकांना वळलो. टोकाजवळ चालक वेग थोडा कमी करतो. त्या वेळी बोर्ड कडेवर घालून बाजूला सरकत मोठे वर्तुळ घ्यावे लागते, म्हणजे केबल उलटी फिरून ओढू लागते तेव्हा दोर ताठ असतो. वर्तुळ लहान घेतले की दोर पाण्यावर पडतो, आपण बुडू लागतो आणि नंतर तोच हिसका बसतो. एका खेपेत न पडता चार वेळा आलो-गेलो. प्रशिक्षिकेने मोठ्या यंत्रणेवर जायला परवानगी दिली.

बोर्डच्या दोन्ही कडांचा उपयोग आज पहिल्यांदा समजून केला. टाचेची कड दाबून मागे रेलणे सोपे आहे, कारण शरीराला खुर्चीत बसल्याची सवय असते. चवड्याची कड दाबताना मात्र गुडघे आणि नडग्या पुढे न्याव्या लागतात, आणि तिथे मी कमरेतून वाकतो. ही चूक अजून सुटलेली नाही.

शुक्रवार, २८ जून २०२४

पाच खांबांवर पहिला दिवस. इथे पाण्यातून सुरुवात नसते. फलाटाच्या कडेला बोर्ड लावून बसायचे, चालक हँडल हातात देतो, वरून येणारी कडी दोराला पकडते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. त्या आवाजानंतर ओढा लागेपर्यंत जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. दोन खांबांवर चालक वेग हळूहळू वाढवत असे. इथे केबल फिरतच असते, त्यामुळे दोर पूर्ण वेगानेच ओढतो.

पहिले चार प्रयत्न फलाटाच्या पाच मीटरांच्या आत संपले. माझ्यामागे रांगेत आठ-दहा वर्षांची मुले होती. प्रत्येक वेळी परत येऊन रांगेच्या शेवटी उभे राहताना त्यांतल्या एकाने मला दोन्ही हात सरळ करून दाखवले, आणि माझे हात पुन्हा वाकत आहेत हे मला त्याच्याकडून कळले. पाचव्या वेळी मी ‘खट्’ ऐकताच मागच्या पायावर थोडे जास्त वजन ठेवून टाचांवर बसून राहिलो आणि दोराने मला फलाटावरून उचलून पाण्यावर ठेवले.

पहिल्या खांबापर्यंत सरळ गेलो. खांबाशी दोर सैल पडला, मग हिसका, मग पाणी. यानंतर सर्व प्रयत्न त्याच पहिल्या वळणावर संपले. पडल्यावर मागून येणाऱ्या स्वाराला हात दाखवून बाजूला पोहत जायचे, काठावर चढायचे, बोर्ड काढायचा आणि तो काखेत घेऊन पायवाटेने फलाटापर्यंत चालत यायचे. ती पायवाट आज मला पूर्ण पाठ झाली.

रविवार, ७ जुलै २०२४

आज अपघात झाला. वळणावर दोर सैल पडल्याचे जाणवताच मी घाईने बोर्ड डावीकडे, पुढच्या खांबाकडे वळवला. शरीर अजून आधीच्याच दिशेने जात होते, त्यामुळे बोर्ड आडवा झाला, त्याची चवड्याकडची कड पाण्यात रुतली आणि मी सरळ छातीवर आदळलो. ताशी ३० किलोमीटर वेगाने पाणी मऊ नसते. बराच वेळ श्वास पूर्ण घेता येईना.

चूक पूर्णपणे माझी होती. त्याआधीच्या दोन प्रयत्नांत पाय थरथरत होते आणि मी थांबायला हवे होते, पण वेळ संपायला दहा मिनिटे उरली होती म्हणून पुन्हा रांगेत उभा राहिलो.

बुधवार, १७ जुलै २०२४

डॉक्टरांनी तपासून बरगडी मोडलेली नाही, मुका मार आहे असे सांगितले. तीन आठवडे पाण्यात जायचे नाही. खोकताना आणि कुशीवर वळताना अजून दुखते. आज आषाढी एकादशी. आईने फोनवर सकाळपासूनचा उपवास आणि पंढरपूरची गर्दी सांगितली. बरगडीचे मी तिला सांगितलेले नाही, अण्णांना सांगितले आहे.

या सक्तीच्या विश्रांतीत वळणाचा नकाशा काढला, आणि मला वाटते की गेल्या दोन महिन्यांतले सर्वांत उपयोगी काम हेच झाले. केबल डावीकडे वळते. स्वार जर खांबाकडे सरळ गेला किंवा आतून वळला, तर खांबाभोवती फिरणारी कडी आणि स्वार यांच्यातले अंतर थोडा वेळ कमी होते आणि दोर सैल पडतो. कडी पुढच्या सरळ भागात निघून गेली की तो सैलपणा एकाच हिसक्यात भरून निघतो. उलट, वळणाच्या आधीच उजवीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकून बोयेला (वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या गोळ्याला) बाहेरून वळसा घातला, तर कडी फिरत असतानाही दोर ताणलेलाच राहतो आणि स्वाराला नव्या दिशेने ओढून घेतो. बैलगाडीसुद्धा अरुंद बोळात वळवताना आधी बाहेर घ्यावी लागते.

माझी खरी अडचणही या नकाशात सापडली. गूफी स्वाराचे तोंड तलावाच्या मध्याकडे असते, त्यामुळे बाहेर सरकताना त्याला टाचेची सोपी कड वापरायला मिळते. मी रेग्युलर असल्यामुळे माझी पाठ तलावाच्या मध्याकडे येते, आणि बाहेर सरकण्यासाठी मला नेमकी चवड्याची कड लागते. जी कड मी जूनमध्ये अर्धवट सोडली होती, तिच्याशिवाय एकही वळण पार होणार नाही. म्हणून आता रोज सकाळी पंधरा मिनिटे पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून, कंबर न वाकवता, नडग्या पुढे नेण्याचा व्यायाम करीत आहे.

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

सत्तावीस दिवसांनी पाण्यात. पाणी २३ अंश. पहिला तास मुद्दाम दोन खांबांवर घेतला आणि फक्त चवड्याच्या कडेचाच सराव केला. कंबर सरळ ठेवून गुडघे पुढे नेले की हँडल आपोआप पुढच्या कमरेशी राहते, आणि बोर्ड पाण्यात एखाद्या सुरीसारखा तिरपा चालतो. मागे वळून पाहिले तर पाण्यावर एकच बारीक पांढरी रेघ उठलेली होती. जूनमध्ये माझ्यामागे फेसाचा रुंद पट्टा दिसायचा.

दुपारी पाच खांबांवर गेलो. पहिले वळण दुसऱ्या प्रयत्नात पार झाले. खांबाच्या तीसेक मीटर आधी उजवीकडे सरकलो, बोये माझ्या डावीकडून गेली, वर कडी खडखडत खांबावरून फिरली, आणि दोर एकदाही पाण्याला टेकला नाही. नव्या दिशेने ओढा आल्यावरच चवड्याची कड सोडली आणि टाचांवर आलो. तिसऱ्या खांबाजवळ पाय थकले आणि पाण्यात बसलो. पाय थरथरू लागल्यावर आज थांबलो.

गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

बव्हेरियातही आज सुट्टी असते, त्यामुळे गर्दी मोठी होती आणि तासाभरात सहाच पाळ्या मिळाल्या. चौथ्या पाळीत पूर्ण फेरी झाली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबांमधला भाग वाऱ्याच्या तोंडाशी आहे. तिथे पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि गुडघे सैल ठेवावे लागतात. चौथे वळण सर्वांत तीक्ष्ण आहे, तिथे मी जरा उशिरा बाहेर सरकलो आणि दोर हातभर सैल पडला. हात वाकवून तो सैलपणा भरून काढण्याची इच्छा झाली. मी हात सरळच ठेवले, गुडघे आणखी वाकवले आणि येणारा हिसका पायांवर घेतला. तो बसला, पण मी उभा राहिलो. पाचव्या खांबानंतर फलाट समोर आला तेव्हा हँडल सोडायचे की दुसऱ्या फेरीला जायचे हे ठरवले नव्हते, आणि मी फलाटाच्या समोरून पुढे निघून गेलो. दुसरी फेरी दुसऱ्या खांबापाशी संपली.

काठावर आल्यावर प्रशिक्षिकेने अंगठा दाखवला. मी तिला ‘वार्टन’ असे म्हटले आणि ती हसली.

रात्री अण्णांना फोन केला. त्यांनी आधी बरगडीची चौकशी केली, आणि मग विचारले, “नाडा कुठं ढिला पडला का?” मी चौथ्या वळणाचे सांगितले. ते म्हणाले, “मग तिथं आधी बाहेर घे.”

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

आजची आकडेवारी : अकरा पाळ्या, फलाटावरून सुरुवात अकरापैकी दहा वेळा यशस्वी, पूर्ण फेऱ्या नऊ, त्यांतल्या सलग चार. चौथ्या वळणाला आता पंचेचाळीस मीटर आधीपासून बाहेर सरकतो. त्यासाठी काठावरचे एक वाकलेले विलोचे झाड खूण म्हणून ठरवले आहे. ते झाड डाव्या खांद्याच्या रेषेत आले की चवड्याची कड दाबायची.

बोटांच्या मुळाशी आता घट्टे पडले आहेत, फोड येत नाहीत. भाड्याचा बोर्ड परत केला आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन शनिवारांची दोन खांबांवरची वेळ राखून ठेवली. ७ तारखेला गणेश चतुर्थी असल्यामुळे त्या दिवशीची वेळ दुपारनंतरची घेतली आहे. तिथे उजवा पाय पुढे ठेवून, पुन्हा पाण्यातूनच सुरुवात करायची आहे.